एक इंग्रजी क्रियापद आणि दोन परभाषा

ज्यास दोन भाषा अवगत आहेत त्यास एकींतील मजकूर दुसरींत उतरवितां आलाच पाहिजे, असा सामान्य समज आहे. कोश जवळ असावा, व्याकरणाचे नियम पाठ असावे, म्हणजे बाकीचें काम आपोआप होतें असें विद्यार्थ्यांस वाटतें. आणि या समजाचीं फळें उत्तरपत्रिका तपासतांना शिक्षकांस चाखावीं लागतात. प्रस्तुत लेखांत एकच इंग्रजी शब्द घेऊन तो जर्मन व रशियन या भाषांत नेतांना काय काय घडतें तें पाहावयाचें आहे. शब्द मुद्दाम अवघड निवडलेला नाहीं. ‘एन्करेज’ हें क्रियापद आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलाच्या कानांवरून रोज जातें, आणि पालकांकडे जाणाऱ्या प्रगतिपुस्तकांतहि त्याचें नाम वारंवार लिहिलेलें असतें. पुण्यामुंबईस आज जर्मन शिकणारीं शाळकरी मुलें पुष्कळ आहेत, रशियन शिकणारीं त्याहून थोडीं. त्यांस या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग होईल. इतरांस निदान आपल्या मराठी शब्दांकडे पुनः एकवार पाहावेंसें वाटलें तरी पुरे आहे.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. लॅटिन भाषेंत हृदयास ‘कोर’ म्हणतात. त्यापासून धैर्य या अर्थाचा ‘कुराज’ हा फ्रेंच शब्द निघाला. जुन्या फ्रेंच भाषेंत त्यास आरंभीं उपसर्ग लागून ‘अंगीं धैर्य घालणें’ अशा अर्थाचें क्रियापद बनलें, आणि तें पंधराव्या शतकांत इंग्रजींत आलें. म्हणजे मूळचें हें काम हृदयाचें. (आपल्या ‘श्रद्धा’ शब्दांतील ‘श्रत्’ हा पहिला अवयव याच हृदयवाचक कुळांतील आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात, तेव्हां हें घराणें आपणांस अगदींच परकें नाहीं.)

परंतु गेल्या पांच-सहाशें वर्षांत इंग्रजांनीं या एका शब्दाकडून नाना प्रकारचीं कामें करून घेतलीं आहेत. पाण्यास भिणाऱ्या मुलास बाप विहिरीच्या कांठावरून एन्करेज करतो. सरकार लहान उद्योगांस एन्करेज करतें. शाळा मुलांस वाचनालयाचा उपयोग करण्यास एन्करेज करते. भिंतींतील ओल बुरशीस एन्करेज करते. आणि वर्गांतील एखादा वात्रट मुलगा कांहीं चेष्टा करूं लागला आणि शेजारी हंसूं लागले, म्हणजे ‘त्यास एन्करेज करूं नका’ असें बाईंना म्हणावें लागतें. इंग्रजी भाषा या पांचहि ठिकाणीं एकाच शब्दावर काम भागविते. मराठींत आपण पहिल्या वाक्यांत धीर देऊं, दुसऱ्यांत उत्तेजन देऊं, तिसऱ्यांत नुसतें सांगूं किंवा सुचवूं, चौथ्यांत ‘ओलीमुळें बुरशी वाढते’ असें म्हणून मोकळे होऊं, आणि पांचव्यांत ‘त्याला चढवूं नका’ असें म्हणूं. जर्मन व रशियन लोकांचीहि अशीच गत होते. मात्र ते ज्या ठिकाणीं शब्द बदलतात तीं ठिकाणें आपल्याहून थोडीं निराळीं आहेत, आणि गंमत आहे ती तेथेंच.

जर्मन भाषांतरकार प्रथम ‘एर्मूटिगन’ या शब्दाकडे धांव घेतो. त्याच्या पोटांत ‘मूट’ हा शब्द आहे. मूट म्हणजे धैर्य. ‘एर्’ या उपसर्गानें माणसास त्या स्थितीस पोहोंचविण्याचा भाव येतो. इंग्रजी शब्दाशीं ही घडण इतकी जुळते कीं एक दुसऱ्याच्या सांच्यांतून काढल्यासारखा वाटावा. उलट अर्थाचा ‘एन्टमूटिगन’, म्हणजे धीर खचविणें, हाहि त्याच जातीचा. हा ‘मूट’ इंग्रजींतील ‘मूड’चा सख्खा भाऊ होय. प्राचीन काळीं त्याचा अर्थ मन किंवा चित्तवृत्ति एवढाच होता. धैर्य हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणूनच जर्मन भाषेंत या मनाचे निरनिराळे प्रकार नांदतात. ‘होखमूट’ म्हणजे उंच मन, अर्थात् गर्व. ‘सान्फ्टमूट’ म्हणजे मऊ मन, सौम्यता. ‘लांगमूट’ म्हणजे लांब मन, सहनशीलता. आणि ‘डेमूट’ म्हणजे सेवकाचें मन, नम्रता. आपल्या सद्गुणांच्या व दुर्गुणांच्या याद्या मुखोद्गत करणाऱ्या मुलांस हे शब्द एका वाचनांत पाठ होतील. मात्र ‘आर्मूट’ म्हणजे दारिद्र्य यास कोणीं या पंक्तीस बसवूं नये. तो दिसण्यांत सारखा असला तरी त्याचें कुळ वेगळें आहे.

एर्मूटिगन हा शब्द जेथें भीति अथवा संकोच आहे तेथें उत्तम शोभतो. परंतु मुलगा भ्यालेला नसून नुसताच मरगळून बसला असेल, तर जर्मन मनुष्य ‘एर्मुन्टर्न’ म्हणणें पसंत करील. ‘मुन्टर’ म्हणजे जागा, तरतरीत. मुलगा जागा आहे, धीटहि आहे, पण हुशार असून चाल मंद ठेवतो, अशा वेळीं ‘आन्श्पोर्नन’ हा शब्द येतो. घोडेस्वाराच्या बुटाच्या टाचेस जी लोखंडी आर असते ती त्यांत आहे. तेव्हां हें उत्तेजन थोडें बोंचणारें आहे हें ओळखावें. माणूस आधींच एका मतावर आला असून त्याचें तें मत आपण आणखी पक्कें केलें, तर तेथें ‘बेश्टेर्कन’, म्हणजे बळकट करणें. आपल्या वात्रट मुलाच्या वाक्यांत जर्मन बाई हाच शब्द वापरतील. उद्योगधंद्यांच्या बाबतींत ‘फ्योर्डर्न’ हा शब्द रूढ आहे. तो इंग्रजी ‘फर्दर’ याचा भाऊबंद, व अर्थ पुढें नेणें. आणि ओल व बुरशी यांच्या वाक्यांत ‘बेग्युन्स्टिगन’ हें क्रियापद येतें, ज्यांत कृपा या अर्थाचा शब्द दडलेला आहे. म्हणजे जर्मनांच्या मतें ओल बुरशीवर मेहेरनजर करते! शास्त्रीय ग्रंथांतहि हा शब्द गंभीरपणें छापलेला असतो आणि त्यांतील मेहेरनजर कोणासहि जाणवत नाहीं. भाषेंत असें फार होतें.

आणखी एक घरगुती प्रयोग सांगण्याजोगा आहे. हळूहळू, गोड बोलून, पुनःपुनः सांगून एखाद्यास कामास प्रवृत्त करणें याला जर्मन लोक ‘गूट त्सूरेडन’, म्हणजे चांगलें बोलणें, असें म्हणतात. आणि फारच मिनतवारी करावी लागली तर लंगड्या घोड्याची समजूत घालावी तशी त्याची घातली असें म्हणतात. ज्या आईस सकाळीं सहा वाजतां मुलास अंथरुणांतून उठवावें लागतें तिला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां रशियन भाषेकडे वळूं. तेथें धीर देण्यास मुख्य शब्द ‘अबद्र्यात्’ हा आहे. लिहितांना त्याच्या आरंभीं ‘ओ’ लिहितात, परंतु ज्या ‘ओ’वर आघात नाहीं त्याचा उच्चार रशियन लोक ‘अ’सारखा करतात. यांतील मूळ शब्द ‘बोद्री’, म्हणजे जागृत, ताजातवाना. आणि ज्या धातूपासून तो निघाला तो संस्कृत ‘बुध्’ धातूचा सहोदर आहे. आपले बोध, बुद्धि, प्रबोधन हे शब्द आणि स्वतः बुद्ध हें नांव त्याच मुळावर उगवलेलीं आहेत. म्हणजे जेथें इंग्रज हृदयांत धैर्य घालतो आणि जर्मन मन उभें करतो, तेथें रशियन मनुष्य झोंपलेल्यास जागें करतो. रशियन शुभवर्तमान वाचणारास हें नातें डोळ्यांसमोर दिसतें. गेथशेमाने बागेंत प्रभूनें शिष्यांस जागे राहण्याविषयीं सांगितलें त्या ठिकाणीं याच ‘बोद्री’पासून झालेलें क्रियापद आहे, आणि तेथेंच पुढें आत्मा आणि देह यांचा भेद सांगतांना आत्म्यास जें विशेषण लाविलें आहे तेंहि हेंच. जागरण आणि उत्साह हीं रशियन कानास एकच वस्तु आहेत.

दुसरा शब्द ‘पअश्र्यात्’. हा निराळ्याच वळणाचा आहे. याचें मूळ ‘ओस्त्री’, म्हणजे तीक्ष्ण, धारदार, यांत आहे. तेव्हां अक्षरशः अर्थ पाहिला तर धार लावणें असा होतो. येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. आपला ‘उत्तेजन’ हा शब्द ‘तिज्’ धातूपासून झाला आहे, ज्यापासून ‘तीक्ष्ण’ आणि ‘तेज’ हेहि झाले. आणि संस्कृतांत उत्तेजन म्हणजे शस्त्र घांसून पाजळणें असाहि अर्थ आहे. मॉस्कोचा आणि महाराष्ट्राचा या शब्दांपुरता कांहीं पत्रव्यवहार झालेला नाहीं. दोघांसहि माणसाचा उत्साह आणि सुरीची धार यांत साम्य दिसलें, इतकेंच.

या दोन रशियन शब्दांत मोठा व्यावहारिक भेद आहे. पअश्र्यात् हें वरून खालीं येतें. सरकार, मालक, शिक्षक, बाप हे पअश्र्यात् करूं शकतात, आणि तें बहुधा कांहीं तरी देऊन करतात. रशियाच्या २००१ सालच्या कामगार कायद्यांतील १९१ वें कलम याच नांवाचें आहे, आणि कामगारास द्यावयाचे जाहीर आभार, रोख बक्षीस, मौल्यवान् भेट व मानपत्र अशीं त्याचीं रूपें तेथें सांगितलेलीं आहेत. हाताखालचा कारकून आपल्या साहेबास पअश्र्यात् करूं लागला तर लोक हंसतील. अबद्र्यात् मात्र कोणीहि कोणास करावें. आजाऱ्यास शेजारी, सेनापतीस शिपाई, बापास मुलगी. त्यास पैसा लागत नाहीं, अधिकार लागत नाहीं. एक शब्द किंवा एक दृष्टि पुरते. वात्रट मुलाच्या वाक्यास रशियन भाषेंत आणखी एक नामी शब्द आहे, ‘पताकात्’. ‘ताक’ म्हणजे असें, हो. एखाद्याच्या प्रत्येक म्हणण्यास हो-हो करीत राहणें, आपल्या भाषेंत री ओढणें, असा त्याचा भाव आहे. वाचनालयाच्या वाक्यांत रशियन मनुष्य धीर, धार वगैरे कशाच्याहि खटपटींत न पडतां सरळ ‘सल्ला देतो’ असें म्हणेल, आणि तें योग्यच आहे. ग्रंथालयांत जाण्यास धैर्य कशास हवें?

मूळचा फ्रेंच ‘कुराज’ या दोन्ही देशांत गेला नाहीं काय? गेला, पण आपलें क्रियापद मागें ठेवून गेला. जर्मन भाषेंत तो धैर्य या अर्थानेंच राहिला, व नागरिकाच्या निर्भयपणास ‘त्सिव्हीलकुराज’ असें एक सुंदर नांव त्यापासून मिळालें. रशियांत मात्र त्याची संगत बिघडली. तेथें ‘कुराझ’ म्हणजे पुष्कळदां दारूच्या भरांतील उसनी ऐट, आणि त्यापासूनचें क्रियापद म्हणजे उगाच दादागिरी करून मिरविणें. गंमत अशी कीं, ‘गोंधळून हतबुद्ध करणें’ या अर्थाचा ‘अबेस्कुराझित्’ हा शब्द मात्र त्याच ‘कुराझ’ला ‘विना’ या अर्थाचा उपसर्ग जोडून झाला आहे. म्हणजे धीर काढून घेण्यास फ्रेंच शब्द चालतो, द्यावयास चालत नाहीं.

आतां आपल्या बक्षीससमारंभाकडे येऊं. पहिलें, दुसरें, तिसरें बक्षीस झाल्यावर चवथ्या मुलास जें मिळतें त्यास आपण ‘उत्तेजनार्थ’ म्हणतों. रशियन भाषेंतहि त्याला पअश्र्यात्पासूनचेंच नांव आहे. तें सुद्धां ‘उत्तेजनार्थ’च. इंग्रजींत मात्र त्यास सांत्वनाचें बक्षीस म्हणतात, आणि जर्मन भाषेंतहि ‘ट्रोस्टप्राइस’. ‘ट्रोस्ट’ म्हणजे सांत्वन. वस्तु एकच, एखादी लेखणी किंवा पुस्तक. परंतु दोन भाषा म्हणतात, बाळ, पुढच्या वर्षासाठीं तुझ्या सुरीस धार लावली. आणि दोन भाषा म्हणतात, बाळ, झालें तें झालें, डोळे पूस. घेणारें मूल दोन्हींकडे एकाच चेहऱ्यानें खालीं उतरतें, आणि त्या वेळीं त्याला कोणता अर्थ हवा होता हें त्याच्या आईस विचारावें.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असें पालकांनीं समजूं नये. ‘मुलास एन्करेजमेन्टची गरज आहे’ असा इंग्रजी शेरा जेव्हां घरीं येतो, तेव्हां बापानें त्याचा अर्थ काय करावा? पुष्कळ ठिकाणीं त्याचा अर्थ बक्षिसाचें आमिष असा केला जातो. पहिल्या पांचांत आलास तर सायकल! मुलगा आळशी असेल तर या आरेनें तो कदाचित् दौडेल. परंतु तो भित्रा असेल, फळ्याकडे बोलावतांच त्याचा घसा कोरडा पडत असेल, तर त्याच्या ओझ्यावर आणखी एक सायकल चढली एवढेंच. त्याला धीर हवा होता, आपण धार लावली. तिसरा एखादा थकलेला असतो, त्याला दोन्ही नकोत. रात्रीं वेळेवर निजूं दिलें तर तो सकाळीं आपोआप ‘मुन्टर’ होईल. माझ्या मतें असले शेरे शिक्षकानें मराठींत लिहावे. मराठींत लिहूं लागलें कीं धीर, उत्तेजन, हुरूप, शिस्त यांतून एक निवडावें लागतें, आणि निवडण्यासाठीं त्या मुलाकडे एकदां नीट पाहावें लागतें. इंग्रजी शब्द ही सक्ति करीत नाहीं, म्हणूनच तो इतका सोयीचा वाटतो.

निवडीची हीच अडचण पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांपुढेंहि उभी राहिली. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या चवथ्या अध्यायांत कुप्र बेटांतील योसेफ नांवाच्या लेव्याची गोष्ट आहे. प्रेषितांनीं त्यास बर्णबा हें उपनांव दिलें, आणि त्याचा अर्थ ग्रीक भाषेंत ज्या शब्दानें सांगितला आहे तो ‘पाराक्लेसिस’ हा शब्द ‘आपल्याजवळ बोलावणें’ या मूळ अर्थापासून निघालेला असून त्यांत सांत्वन, बोध, विनवणी आणि धीर हे चारहि अर्थ सामावतात. मार्टिन लूथरनें नव्या करारांत, जो १५२२ सालीं प्रसिद्ध झाला, बर्णबास ट्रोस्टचा, म्हणजे सांत्वनाचा, पुत्र केलें. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांतहि सांत्वनच आहे. रशियन चर्चच्या ज्या भाषांतराची संपूर्ण आवृत्ति १८७६ सालीं निघाली, त्यांत ‘उतेशेनिये’ हा शब्द आहे. तोहि सांत्वनाचाच, व त्याचें नातें ‘शांत’ या अर्थाच्या रशियन शब्दाशीं आहे. १९४६ च्या सुधारलेल्या अमेरिकन भाषांतरानें प्रथा सोडून तेथें ‘एन्करेजमेन्ट’ हा शब्द घातला. आणि आपल्या मराठी शास्त्रांत बर्णबा हा ‘बोधपुत्र’ आहे. वर सांगितलेलें बुध् धातूचें नातें ध्यानीं घेतलें तर, रशियन भाषांतरकारांनीं जो जागृतीचा शब्द येथें वापरला नाहीं त्याच्या कुळांतला शब्द मराठीनें वापरला असें दिसतें.

कोणाचें बरोबर? बर्णबाचें वर्तन पाहिलें तर माझा कौल १९४६ च्या भाषांतराकडे झुकतो. शौलाच्या पूर्वचरित्रामुळें यरुशलेमांतील सर्व शिष्य त्यास भीत होते, तेव्हां बर्णबानें त्याला हातीं धरून प्रेषितांकडे नेलें. पुढें मार्कास बरोबर घेण्यास पौल तयार होईना, तेव्हां त्या तरुणास घेऊन बर्णबा वेगळ्या मार्गानें कुप्रास गेला. यांत अश्रु पुसणें थोडें आणि पाठीशीं उभें राहणें फार आहे. तथापि लूथरची निवड अविचाराची होती असेंहि म्हणवत नाहीं. घरांतील आई, रस्त्यांतील मुलें आणि बाजारांतील साधा मनुष्य कसे बोलतात तें ऐकून भाषांतर करावें, असें त्यानें १५३० सालच्या आपल्या प्रसिद्ध पत्रांत प्रतिपादिलें आहे. आणि ट्रोस्ट हा शब्द अशा घरांतलाच आहे.

क्रीडांगणावरील उत्तेजनाविषयीं थोडक्यांत सांगतों. खेळाडूंच्या नांवानें ओरडून त्यांस चेव आणणें याला जर्मन शब्द ‘आन्फॉयर्न’, म्हणजे आग पेटविणें. रशियन लोक आपल्या संघासाठीं ‘आजारी पडतात’. तेथें प्रेक्षकाचें नांवच दुखणें या अर्थाच्या शब्दापासून आलेलें आहे. आपल्या क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीं दोन्ही प्रकारचे प्रेक्षक मैदानाभोंवतीं असतात.

शेवटीं रशियन व्याकरणाची एक गोष्ट, कारण नवशिक्याची खरी परीक्षा तेथें होते. रशियन क्रियापदें बहुधा जोडीनें राहतात. एक रूप चालू किंवा वारंवार होणारी क्रिया दाखवितें, दुसरें तडीस गेलेली. ‘अबद्र्यात्’ म्हणजे धीर देत राहणें. ‘अबद्रीत्’ म्हणजे धीर देऊन त्या माणसास खरोखर धीर आणणें. तेव्हां पहिल्या रूपानें ‘दिला’ आणि दुसऱ्यानें ‘न दिला’ असें एकाच वाक्यांत म्हटलें तरी रशियन कानास तो विरोध वाटत नाहीं. त्यानें खटपट केली, ती फळास आली नाहीं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. इंग्रजी वाक्यांत ‘मीं त्याला एन्करेज केलें’ एवढेंच असतें. पुढें काय झालें तें गुलदस्तांत. मराठींत हें काम आपण दोन निराळ्या क्रियापदांनीं करतों. ‘धीर दिला’ याचा कर्ता देणारा असतो. ‘त्याला धीर आला’ यांत देणारा कोठेंच नाहीं. धीर स्वतः चालत येतो, आणि ज्याला आला त्यालाच तो कळतो. रशियन वाक्य लिहितांना विद्यार्थ्यानें आधीं स्वतःस विचारावें कीं आपणांस ‘दिला’ म्हणावयाचें आहे कीं ‘आला’, आणि मगच रूप निवडावें.

सरावासाठीं तीन वाक्यें खालीं देत आहें. तिन्हींत इंग्रजी मनुष्य ‘एन्करेज’ हाच शब्द वापरील. पहिलें: आजीच्या पत्रानें वसतिगृहांतील मुलीस एन्करेज केलें. दुसरें: गुरुजी रोज एन्करेज करीत, पण तो मुलगा व्यासपीठावर कधींच गेला नाहीं. तिसरें: सांचलेलें पाणी डांसांस एन्करेज करतें. जर्मन शिकणाऱ्यांनीं तिन्हींस तीन निरनिराळीं क्रियापदें लागतात कीं दोन पुरतात तें पाहावें. रशियन शिकणाऱ्यांनीं दुसऱ्या वाक्यांतील जोडीपैकीं कोणतें रूप घ्यावयाचें तें कारणासहित लिहावें. आणि बाकीच्या सर्वांनीं तीं वाक्यें शुद्ध मराठींत लिहून, पहिल्या वाक्यांत ‘दिला’ घातलें कीं ‘आला’, हें आपल्या शेजाऱ्याच्या वहीशीं ताडून पाहावें.